लहान ग्रंथांचा लांब प्रवास



इंग्लंड व अमेरिका या देशांतील जुन्या ग्रंथांपैकीं कांहीं लहान ग्रंथ असे आहेत कीं, ते समुद्र ओलांडून आपल्या मराठी मुलुखांत आले आणि येथें त्यांनीं आपलें काम केलें. शेताचें काम आटोपून दिवेलागणीस जो वाचावयास बसतो, त्याच्या हातून पांचशें पानांचा ग्रंथ पुरा होत नाहीं. परंतु जो ग्रंथ खिशांत मावतो व आठवड्याभरांत वाचून होतो, तो त्याच्या घरचा होतो. म्हणून आजच्या पाठांत अशाच चार ग्रंथांचा विचार करूं. त्यांपैकीं पहिल्याला अधिक वेळ द्यावा लागेल, कारण आपल्या मंडळ्यांशीं त्याचें नातें सर्वांत जवळचें आहे.

जॉन बन्यन हा १६२८ सालीं बेडफर्ड शहराजवळील एल्स्टो या खेड्यांत जन्मला. बाप फुटक्या भांड्यांना डाग देण्याचा धंदा करी आणि मुलानेंही तोच धंदा उचलला. आपल्याकडे घिसाडी जसा हत्यारें घेऊन गांवोगांव हिंडतो, तसा हा हिंडे. त्याची लोखंडी ऐरण बेडफर्ड येथें आजही जपून ठेविलेली आहे. त्याचें लग्न झालें तेव्हां नवराबायकोच्या संसारांत ताट किंवा चमचाही नव्हता, असें त्यानें स्वतः लिहून ठेविलें आहे. बायकोनें माहेराहून आणिलीं तीं दोन पुस्तकें. एक आर्थर डेंट याचें, साध्या माणसाला स्वर्गाचा रस्ता दाखविणारें, आणि दुसरें लुईस बेली याचें, भक्तीच्या आचरणाविषयींचें. मुलीच्या बापानें मरतांना तिला एवढेंच ठेविलें होतें. तीं पुस्तकें दोघें मिळून वाचीत. आमच्या खेड्यांतून लग्नाच्या याद्या होतात त्यांत भांडीं, कपडा, दागिना सर्व येतें, पण पुस्तक क्वचितच येतें, हें येथें सहज सांगून ठेवितों.

पुढें बन्यन उपदेश करूं लागला. सरकारमान्य पाळक नसतां सभा भरवून उपदेश करणें हा त्या वेळीं गुन्हा होता. १६६० सालीं त्याला पकडण्यांत आलें. उपदेश करणार नाहीं एवढें कबूल केलें असतें, तर त्याची सुटका झाली असती. त्यानें कबूल केलें नाहीं व १६७२ पर्यंत, म्हणजे बारा वर्षें, तो बेडफर्डच्या तुरुंगांत राहिला. बाहेर बायको व मुलें होतीं, आणि त्यांतली थोरली मुलगी आंधळी होती. तुरुंगांत नाड्या विणून तो त्यांच्या पोटाला पाठवी. त्याच्याजवळ बायबल व ख्रिस्ती हुतात्म्यांच्या कथांचा एक ग्रंथ होता. मोठें ग्रंथालय नव्हतें व विद्यापीठाची पदवीही नव्हती. अशा माणसानें लिहिलेला 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हा ग्रंथ १६७८ सालीं लंडनमध्यें दीड शिलिंगास विकावयास आला. तीनच वर्षांत, १६८१ सालीं, तो अमेरिकेंतील बॉस्टन येथें छापला गेला. पुढें दोनशेंहून अधिक भाषांत त्याचीं भाषांतरें झालीं.

मराठींत तो हरी केशवजी पाठारे यांनीं आणिला. 'यात्रिकक्रमण' या नांवानें १८४१ सालीं तो प्रसिद्ध झाला. त्या वेळीं मराठी गद्य नुकतें उभें राहत होतें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिचें नांव घेतात, ती बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' अद्याप सोळा वर्षें पुढें होती. ती १८५७ सालीं निघाली. तिच्यांतही एक जोडपें प्रवासास निघतें व वाटेंत विधवांची दुर्दशा पाहतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. हरी केशवजींनीं ग्रंथाला जें नांव दिलें तें मात्र पंडिती वळणाचें आहे. बन्यनची भाषा बाजारांतली व चुलीजवळची. 'यात्रिकक्रमण' हा शब्द आमच्या वाडीवस्तीवर उच्चारला, तर दहांतील आठ माणसें तोंडाकडे पाहत राहतील. यास्तव उपदेशक बंधूंनीं ग्रंथ स्वतः वाचावा, आणि मंडळींत सांगतांना आपल्या गांवच्या बोलींत सांगावा.

सांगावयाचा कसा, तेंही पाहूं. हा ग्रंथ रूपक आहे, असें म्हटल्यानें ऐकणारांस कांहीं कळत नाहीं. परंतु आपल्या शेजारींच पैठण आहे. तेथील एकनाथांनीं (१५३३ ते १५९९) भारुडें रचिलीं. भारुडांत विंचू चावतो, पण तो अंगणांतला विंचू नव्हे, हें आमच्या आजीलाही ठाऊक असतें. बन्यनचा ग्रंथ त्याच जातीचा आहे. एक मनुष्य पाठीवर ओझें घेऊन आपलें गांव सोडतो व दूरच्या एका नगराची वाट धरतो. वाटेंत भेटणाऱ्या प्रत्येकाचें नांव हाच त्याचा स्वभाव. हट्टी, लवचीक, विश्वासू, आशावंत, अज्ञान अशीं तीं नांवें आहेत. भारुड ऐकणाऱ्या श्रोत्याला हें शिकवावें लागत नाहीं, फक्त आठवण द्यावी लागते.

आरंभींच एक दलदल येते. तिचें नांव निराशा. आमच्या काळ्या रानांत आषाढांत गाडी रुतली म्हणजे बैल, चाक व माणूस यांची जी गत होते, तीच येथें आहे. पाठीवर ओझें असलेला मनुष्य अधिकच खोल जातो. बरोबरचा लवचीक नांवाचा गडी पहिल्याच चिखलांत रागावतो, आणि आपल्या घराच्या बाजूनें वर चढून परत जातो. ज्याला परत जावयाचें नाहीं, तो दुसऱ्या कांठाकडे धडपडतो व बुडूं लागतो. तेव्हां एकजण येऊन त्याला हात देतो व विचारतो कीं, पाय ठेवण्यासाठीं येथें पायऱ्या होत्या, त्या तूं कां पाहिल्या नाहींस? बन्यन आणखी एक गोष्ट सांगतो, ती तर उपदेशकांनीं नीट ऐकावी. ही दलदल बुजविण्याकरितां राजाचे मजूर सोळाशें वर्षें खपत आहेत. चांगल्या चांगल्या उपदेशाच्या हजारों गाड्या तिच्यांत ओतल्या, तरी ती भरली नाहीं. ज्यानें हें लिहिलें तो स्वतः उपदेशक होता व उपदेशासाठींच तुरुंगांत बसला होता! तरीही, खचलेल्या माणसावर शब्दांच्या गाड्या रिकाम्या करून चालत नाहीं, त्याला हात द्यावा लागतो, हें त्याला कळलें होतें. ज्या घरांत पीक बुडालें किंवा पोर दगावलें, तेथें जातांना हें पान आठवावें.

पुढें एक बाजार लागतो. तो बाराही महिने भरतो, व त्यांत घरें, जमिनी, मान, पदव्या, राज्यें सर्व विकतात. आठवडे बाजार ज्यानें पाहिला आहे त्याला तेथील गलका ऐकूं येईल. दोघे यात्रेकरू तेथें कांहीं घेत नाहींत व त्यांचा वेषही निराळा, एवढ्यावरून लोक चिडतात. विश्वासू याला न्यायाधीशापुढें उभें करितात. ज्यूरीतील बारा जणांचीं नांवें वाचलीं कीं निकाल काय लागणार हें आधींच समजतें. बन्यननें न्यायालय आंतून पाहिलें होतें, म्हणून हा भाग इतका जिवंत उतरला आहे.

येथें एक गोष्ट जातां जातां सांगतों. आपल्याच जालना जिल्ह्यांतील जांब या गांवीं १६०८ सालीं रामदास जन्मले व १६८१ सालीं वारले. म्हणजे बन्यन व रामदास हे एकाच काळचे. एकमेकांचें नांवही त्यांच्या कानीं आलें नसेल. दोघेही फिरस्ते होते आणि दोघांनीं सामान्य माणसाच्या मनाशीं थेट बोलणारे ग्रंथ लिहिले. 'मनाचे श्लोक' अवघे २०५ आहेत व तेही खिशांत मावतात. दोघांची शिकवण निराळी आहे, ती एक आहे असें मी म्हणत नाहीं. पण जांबच्या मनुष्याला बन्यन परका वाटण्याचें कारण नाहीं, इतकें खास.

आतां या ग्रंथांतील अवघड जागेकडे येऊं. पहिल्या भागांत तो मनुष्य घरांतून निघतो तेव्हां बायको व मुलें दारांतून त्याला हांका मारतात. तो कानांत बोटें घालतो व धांवत सुटतो. हें वाचून पुष्कळांचें मन दुखावतें व तें दुखावणें योग्यही आहे. इंग्लंडांतल्या वाचकाला हें रूपक होतें. आमच्या वाडवडिलांना तें रूपक नव्हतें. ज्यांनीं बाप्तिस्मा घेतला, त्यांतील कित्येकांना घर व भाऊबंद खरोखरच सुटले. जालन्यास स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीनें काम करणारे रेव्हरंड नारायण शेषाद्रि हे १८४३ सालीं मुंबईस ख्रिस्ती झाले, तेव्हां त्यांनाही हें सोसावें लागलें. पुढें निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनीं जालन्याजवळ बेथेल हें गांव वसविलें. तेथें गांवकुसाबाहेर ठेविलेल्या मांग व महार समाजांतील कुटुंबें येऊन राहिलीं. एकटा मनुष्य कानांत बोटें घालून पळाला, अशी ती गोष्ट नव्हती. घरें व विहीर असलेलें गांव उभें राहिलें, आणि त्यांत बायकामुलें होतीं.

म्हणून माझें मत असें आहे कीं, आमच्या मंडळ्यांत या ग्रंथाचा दुसरा भाग अधिक वाचला जावा. तो १६८४ सालीं निघाला. पुष्कळ लोकांना तो असल्याचेंही माहीत नसतें, आणि टीकाकार त्याला पहिल्यापेक्षां कमी लेखितात. त्यांत मागें राहिलेली बायको चार मुलगे घेऊन त्याच वाटेनें निघते. बरोबर शेजारची दया नांवाची तरुण मुलगी येते. त्यांना सोबत करावयास एक धैर्यवान वाटाड्या मिळतो. वाटेंत कुबड्यांवर चालणारा एक लंगडा येऊन मिळतो, मनानें दुबळा असा एक येतो, आणि पुढें खचलेला एक म्हातारा व त्याची भित्री मुलगी यांना राक्षसाच्या किल्ल्यांतून सोडवून घेतात. दुबळा म्हणतो, मी तुमच्याबरोबर चालूं शकणार नाहीं. वाटाड्या त्याला सांगतो कीं, आम्ही तुझ्यासाठीं थांबूं. म्हणजे ही यात्रा सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलानें चालते. पंढरीच्या वाटेवरील दिंडी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना हें चित्र ओळखीचें वाटेल. राक्षस मेल्यावर हीं माणसें आनंदानें नाचतात, आणि तो लंगडाही एका हातांत कुबडी धरून त्या भित्र्या मुलीबरोबर नाचतो. कुबडी काढून घेऊन बन्यननें त्याला चमत्कारानें बरा केला नाहीं, हें मला फार आवडतें.

बन्यनचीं पुस्तकें अमेरिकेंत एका मेणबत्त्या करणाऱ्याच्या मुलाच्या हातीं लागलीं. तो बेंजामिन फ्रँक्लिन. १७०६ सालीं बॉस्टन येथें जन्मलेला हा मुलगा सतरा भावंडांतला पंधरावा. शाळा त्याला दोन वर्षेंच मिळाली, आणि बाराव्या वर्षीं तो भावाच्या छापखान्यांत उमेदवार झाला. आपण जमविलेलीं पहिलीं पुस्तकें बन्यनचीं होतीं, व तीं विकून पुढें इतिहासाचीं पुस्तकें घेतलीं, असें तो आत्मचरित्रांत सांगतो. फिलाडेल्फिया येथें त्यानें १७३२ पासून पंचवीस वर्षें 'गरीब रिचर्ड' या नांवानें पंचांग काढिलें. वर्षाला सुमारें दहा हजार प्रती खपत. ज्या घरांत दुसरें पुस्तक नाहीं त्या घरांतही पंचांग असतें, हें जाणून तो तिथीवारांमधल्या कोऱ्या जागेंत म्हणी छापी. १७५८ च्या पंचांगांत त्यानें त्या म्हणी एका म्हाताऱ्याच्या तोंडीं घालून एक लहान लेख लिहिला. 'संपत्तीचा मार्ग' तो हाच.

छापखाना व पंचांग यांचा हा योग आमच्याकडेही जुळला. अमेरिकन मिशनचा मराठी छापखाना मुंबईस १८१७ सालीं काम करूं लागला. तेथील काम पाहून गणपत कृष्णाजी यांना स्वतःचा छापखाना काढण्याची इच्छा झाली, व १८३१ सालीं त्यांनीं शिळाछापावर मराठी पंचांग छापिलें. पुढें 'निर्णयसागर' काढणारे जावजी दादाजी हेही लहानपणीं मिशनच्याच छापखान्यांत कामाला होते.

फ्रँक्लिनच्या त्या लेखाची गंमत शेवटीं आहे. लिलावाच्या ठिकाणीं लोक जमले आहेत, लिलाव सुरू व्हावयास वेळ आहे, म्हणून म्हातारा त्यांना कर्ज, आळस व उधळपट्टी यांविषयीं उपदेश करितो. सर्वजण माना डोलवितात. लिलाव सुरू होतांच तेच लोक वाटेल त्या किंमतीस माल घेऊं लागतात! जणूं कांहीं तें नेहमींचें प्रवचनच होतें, असा टोमणाही फ्रँक्लिन मारितो. एकच मनुष्य सुधारतो. ज्याच्या म्हणी होत्या तो रिचर्ड स्वतः कोटाचें कापड घ्यावयास आलेला असतो, तो जुनाच कोट आणखी कांहीं दिवस वापरण्याचें ठरवून परत जातो. लग्नकार्यांत ऐपतीबाहेर खर्च करून सावकाराच्या वहींत नांव लिहविणाऱ्यांना हा लेख वाचून दाखवावा. मात्र त्याचा एक दोषही सांगितला पाहिजे. त्यांत गरिबी बहुधा आळसाचें फळ म्हणून येते. मराठवाड्यांत जो पहांटेपासून राबतो, त्याच्यावरही पाऊस न पडल्यानें कर्ज होतें. अशा मनुष्याला फ्रँक्लिनच्या म्हणी सुनावणें हा अन्याय होईल.

याच फ्रँक्लिननें १७७४ सालीं लंडनमध्यें एका अडचणींत सांपडलेल्या इंग्रजास शिफारसपत्र देऊन अमेरिकेस पाठविलें. त्याचें नांव टॉमस पेन. बायकांच्या चोळ्यांना ताठ पट्ट्या घालून त्या शिवण्याचा त्याच्या बापाचा धंदा होता, व तो स्वतःही तो शिकला होता. जानेवारी १७७६ मध्यें 'कॉमन सेन्स' हें पन्नास पानांच्या आंतलें चोपडें त्यानें लिहिलें, आणि राजाच्या सत्तेतून मोकळें व्हावें हा विचार त्यानें अमेरिकेंतील शेतकरी व कारागीर यांच्या घरांत नेला. त्याचा 'मानवाचे हक्क' हा पुढचा ग्रंथ १७९१ व १७९२ सालीं दोन भागांत निघाला. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीराव फुले यांनीं तो तरुणपणीं वाचला व त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. १८७३ सालीं त्यांनीं 'गुलामगिरी' लिहिली व गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांना ती अर्पण केली. त्याच १८७३ सालीं आपले नारायण शेषाद्रि न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेंत बोलावयास उभे होते.

पेनविषयीं उपदेशकांनीं एवढें जाणून असावें कीं, पुढें 'एज ऑफ रीझन' या ग्रंथांत त्यानें बायबलवर कठोर टीका केली. म्हणून त्याचें नांव मिशनच्या लेखांत प्रायः रागानेंच येई. माझ्या मतें, ज्यानें मनुष्याच्या हक्कांविषयीं लिहिलें त्याचें तें लिहिणें वाचावें, व जेथें तो आपल्या विश्वासाविरुद्ध बोलतो तेथें उत्तर तयार ठेवावें. नांव लपविल्यानें उत्तर तयार होत नाहीं.

१८७३ हें साल चौथ्या ग्रंथाचेंही आहे. सॅम्युएल जॉन्सन याची आई जानेवारी १७५९ मध्यें वारली. तिच्या क्रियाकर्माचा व देण्याचा खर्च भागविण्यासाठीं त्यानें एका आठवड्याच्या संध्याकाळीं बसून 'रासेलस' लिहिला, असें सांगतात. कृष्णशास्त्री चिपळूणकर व त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनीं तो मराठींत आणिला. हेच विष्णुशास्त्री दुसऱ्याच वर्षीं 'निबंधमाला' काढून मिशनरींवर तुटून पडले! तथापि त्यांनीं घडविलेलें मराठी गद्य आम्ही आजही वापरतों, हें मोकळ्या मनानें मान्य करावें.

रासेलस हा हबशी देशाचा राजपुत्र. डोंगरांनीं वेढलेल्या एका सुखाच्या दरींत त्याला सर्व कांहीं आहे, तरी मन रमत नाहीं. तो बहिणीसह व इम्लॅक नांवाच्या शहाण्यासह बाहेर पडतो आणि सुखी मनुष्य कोठें आहे तें शोधितो. धैर्याचा उपदेश करणारा एक पंडित त्याला भेटतो. दुसऱ्या वेळीं त्याच्याकडे जातो तों पंडिताची एकुलती मुलगी वारलेली असते, आणि तो सगळा उपदेश त्याच्या स्वतःच्या कामीं येत नाहीं. बन्यनचा यात्रेकरू शेवटीं नगरांत पोहोंचतो. जॉन्सनचे प्रवासी पोहोंचत नाहींत. शेवटच्या प्रकरणांत नाईल नदीला पूर आल्यानें ते घरांत अडकून पडतात, पुढचे बेत करितात, आणि ते बेत पार पडणार नाहींत हेंही त्यांस ठाऊक असतें.

मंडळींत वाचून दाखविण्यास त्यांतील ज्योतिष्याची गोष्ट घ्यावी. हा ज्योतिषी विद्वान व दयाळू आहे, पण चाळीस वर्षें एकटा अभ्यास करून त्याला भ्रम झाला आहे कीं, ऊन व पाऊस आपल्याच हुकुमानें पडतात. तो गर्वानें फुगलेला नाहीं. उलट ओझ्याखालीं वांकला आहे. एका मुलखावर पाऊस पाडला तर दुसरा कोरडा राहील, ही चिंता त्याला रात्रंदिवस जाळिते. मरण्यापूर्वीं हें काम कोणाच्या स्वाधीन करावें, याचाही तो शोध करीत असतो. त्याचा भ्रम वादानें जात नाहीं. राजकन्या व तिची सखी त्याच्याकडे येऊं जाऊं लागतात, बोलणें होतें, हंसणें होतें, आणि हळूहळू तें ओझें उतरूं लागतें. पुन्हां एकटा बसला कीं भ्रम परत डोकावतो, हेंही जॉन्सन लपवीत नाहीं. त्याला स्वतःला उदासीचा विकार जन्मभर होता.

वाचन झाल्यावर मंडळीला दोन प्रश्न विचारावे. पाऊस हातीं नसतांना त्याचा दोष स्वतःकडे घेऊन आंतल्या आंत कुढणारा मनुष्य आपल्या वस्तींत कोण आहे? आणि गेल्या महिन्यांत त्याच्या ओट्यावर जाऊन कोण बसलें होतें? उत्तरें मोठ्यानें मागूं नयेत. पहिला प्रश्न विचारून थोडा वेळ गप्प बसावें, मग दुसरा विचारावा. यात्रिकाचा दुसरा भाग वाचावयाचा असेल, तर तो पावसाळा सरल्यावर सुरू करावा व वाटाड्या भेटतो तेथें पहिल्या संध्याकाळीं थांबावें.